सातवीच्या वर्गातले एकसाची निबंध: कविता आणि लेखन एकत्र शिकवता येईल का?

प्रश्न (तासिका)

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवते. मुले बोलकी आहेत, मधल्या सुट्टीत एखादी घटना नकला करून रंगवून सांगतात. मात्र वही उघडली की त्यांची भाषा एकदम परकी होते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला, तर बहुतेक वह्यांत ‘आकाशात काळे ढग जमले, विजा कडाडू लागल्या, बळीराजा सुखावला’ ही वाक्ये याच क्रमाने येतात, कारण ती निबंधाच्या पुस्तकातून पाठ केलेली असतात. ज्यांच्या घरची कपाशी गेल्या पावसात पाण्याखाली गेली, त्यांच्याही वहीत बळीराजा सुखावलेलाच असतो.

कवितेचेही तेच होते. चालीवर म्हणणे, शब्दार्थ, सरळ अर्थ, मध्यवर्ती कल्पना आणि स्वाध्याय एवढे झाले की कविता मिटली. कवितेचे वाचन आणि मुलांचे स्वतःचे लेखन यांची सांगड कशी घालावी, घरची बोली वहीत येऊ द्यावी की नाही, आणि असे लेखन तपासावे कसे, याविषयी अनुभवी शिक्षकांचे मत हवे आहे. तासिका लहान असते आणि अभ्यासक्रमही वेळेत संपवावा लागतो, हे ध्यानात घेऊन सांगावे.

प्रतिसाद (जुना फळा)

ताई, आपण जळगावच्या आहात, तर सुरुवात बालकवींच्या ‘औदुंबर’पासूनच करा. धरणगावी जन्मलेला हा कवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात गेला, तेव्हा त्याने अठ्ठावीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. ही गावे आपल्या मुलांच्या ओळखीची असणार, आणि कवी आपल्याच मुलखातला निघाला की मुलांचे कान आपोआप टवकारतात.

कविता आठच ओळींची आहे. शब्दार्थ न सांगता ती दोनदा सावकाश वाचावी आणि मुलांना वहीच्या कोऱ्या पानावर तिचा नकाशा काढायला सांगावे: झरा कोठे, गाव कोठे, पायवाट कोठून निघते आणि कोठे पोहोचते. येथे वर्गात भांडणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. कोणी गाव अलीकडच्या काठावर काढतो, मग दुसरा ‘पैल टेकडीकडे’ हे शब्द दाखवून त्याला खोडायला लावतो. कोणाची पायवाट थेट झऱ्यावर उतरते, तर शेजारचा तिला शेतमळ्यांतून आणि कुरणांतून वळवून काळ्या डोहापाशी नेतो. म्हणजे जे बारकाईचे वाचन आपण प्रश्न विचारविचारून करून घेतो, ते मुले पेन्सिलीने आणि तावातावाने करतात. नकाशा झाला की रंग विचारावेत. आधी हिरवा आणि निळासावळा, मध्ये पांढरी वाट, शेवटी काळा डोह आणि लाटांवर पसरलेला काळिमा. उजेडाकडून अंधाराकडे जाणारा हा क्रम कोणी न सांगता एखाद्या मुलाच्या लक्षात येतोच. त्यानंतर एकच गोष्ट निदर्शनास आणून द्यावी, की ‘हे दृश्य किती सुंदर होते’ किंवा ‘मला उदास वाटले’ असे कवीने कोठेही म्हटलेले नाही, आणि तरीही ते आपल्यापर्यंत पोहोचते.

लेखन दुसऱ्या तासिकेत. विषय ‘निसर्ग’ नव्हे, तर ‘माझ्या घराकडे येणारी वाट’. वाक्ये आठच, दुरून जवळ येत जायचे, शेवटच्या वाक्यात जागच्या जागी असलेली एकच वस्तू ठेवायची, आणि सुंदर, रम्य, मनमोहक, नयनरम्य या शब्दांना पूर्ण बंदी. पहिली काही मिनिटे मुले अक्षरशः अडून बसतात, कारण पाठ केलेल्यातले काहीच उपयोगी पडत नाही. मग हळूहळू खरे लेखन येऊ लागते. माझ्या वर्गातील एका मुलीने शेवटी लिहिले होते: ‘विहिरीवरची मोटर सुरू केली की पाइप आधी खोकतो आणि मग पाणी येते.’ निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे दाखवणाऱ्या या अलंकाराचे चेतनगुणोक्ती हे नाव तिला नंतर कधीही शिकवता आले असते.

प्रतिसाद (दोन ओळींमधले)

सरांची पद्धत मला पटते, पण अध्यापक विद्यालयात शिकवत असल्याने पाठ केलेल्या निबंधांची थोडी बाजू घेते. नक्कल हा काही दोष नाही, कारण प्रत्येक लेखक आधी कोणाची तरी नक्कल करतच शिकतो. दोष नमुन्यात आहे: तो निकृष्ट असतो आणि सर्वांसमोर तो एकच असतो. मुलांपुढे दहा निरनिराळे नमुने ठेवले, तर साचा आपोआप मोडतो. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यांतील एखाद्या कथेचा केवळ पहिला परिच्छेद फळ्यावर लिहावा आणि पुढचा मुलांना लिहायला सांगावा. नंतर मूळ कथा वाचून दाखवावी. आपण निवडलेली वाट लेखकाने का सोडली, या प्रश्नावर सातवीची मुले फार नेमके बोलतात.

मूल्यमापनासाठी वेगळी व्यवस्था करावी लागत नाही. सातवी-आठवीला आकारिक (म्हणजे वर्गात शिकताना सतत होणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ४० टक्के आणि संकलितचा (म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा) ६० टक्के आहे, आणि आकारिकच्या साधनतंत्रांत उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय व वर्गकार्य आहेतच. हे लेखन उपक्रमात नोंदवावे. मुख्याध्यापकांनी विचारले, तर नोंदवही पुढे करता येते.

गुण मात्र ‘कल्पकता’ या शीर्षकाखाली देऊ नयेत, कारण ती मोजण्याचे माप आपल्याकडे नाही आणि मुलांना ते कळते. त्याऐवजी तीन साध्या गोष्टी पाहाव्यात: डोळ्यांनी पाहिलेला किंवा कानांनी ऐकलेला किमान एक तपशील आहे का, दिलेली अट पाळली आहे का, आणि पहिल्या खर्ड्यानंतर काही बदलले आहे का. यांपैकी तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमक्या तिच्याकडेच आपल्या शाळांत सहसा कोणी पाहत नाही.

प्रतिसाद (बांधावरून)

बोलीविषयी. खानदेशातील शाळेत हा प्रश्न विचारला जावा, याचे थोडे आश्चर्य वाटते, कारण बहिणाबाई चौधरी याच मातीतल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या घरातील माणसांनी उतरवून घेतल्या, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर पुढच्याच वर्षी त्या ओव्या पुस्तकरूपाने आल्या. ती बोली पाठ्यपुस्तकात चालते आणि मुलाच्या वहीत तिच्यावर लाल रेघ येते, ही विसंगती मुलांच्या ध्यानात येत नाही असे समजू नये.

मी स्वतः एक विभागणी पाळतो. पहिला खर्डा ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहावा. दुसऱ्या खर्ड्यात निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीतच ठेवावेत, कारण आजी ‘तू केव्हा आलास?’ असे बोलत नसेल, तर तिच्या तोंडी ते वाक्य घालणे म्हणजे चुकीचे लेखन होय. यातून मुलांना दोन्ही भाषा येतात, आणि कोणती कोठे वापरावी हेही कळते. घरी पावरी किंवा भिलोरी बोलणारी मुले वर्गात असतील, तर पहिला खर्डा तोंडी घ्यावा आणि शेजारच्या मुलाने तो उतरवून घ्यावा.

प्रश्नकर्त्या (तासिका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नकाशाची कृती याच आठवड्यात करून पाहीन. एक अडचण उरते. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना हात लावला नाही, तर पालक वही घेऊन शाळेत येतात आणि ‘बाईंनी तपासलेच नाही’ असे म्हणतात. त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद (जुना फळा)

खर्ड्यासाठी वेगळी, पाठकोऱ्या कागदांची वही करावी, जी घरी जातच नाही. घरी जाते ती पक्की प्रत, आणि तिच्यात शुद्धलेखन कडकपणे तपासावे. मधल्या टप्प्यावर मुलांनी जोडीने एकमेकांचे लेखन मोठ्याने वाचावे, कारण अडखळणारे वाक्य डोळ्यांआधी जिभेला कळते. निवडक नव्हे, तर सर्वांचे लेखन आळीपाळीने भित्तिपत्रकावर लावावे. आपले लेखन आठवीची मुले उभी राहून वाचणार आहेत म्हटल्यावर वेलांटी पहिली की दुसरी, हे विचारायला मुले आपणहून टेबलापाशी येतात. वर्षअखेरीस त्याच पक्क्या प्रती शिवून वर्गाचे हस्तलिखित करावे आणि ते पालकसभेत टेबलावर ठेवावे. मुखपृष्ठासाठी नकाशांपैकी एखादा निवडावा, शक्यतो ज्यावर सर्वांत जास्त खाडाखोड झाली आहे तो.