पोटातल्या महाधमनीचा फुगा: पोट उघडावे की जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट?

धागाकर्ती, लेस्टर
इंग्लंडमध्ये पुरुषांना वयाच्या ६५ व्या वर्षी महाधमनीच्या सोनोग्राफीसाठी बोलावतात. माझ्या सासऱ्यांच्या त्या तपासणीत ४.३ सेंटिमीटरचा फुगा आढळला होता. आज ते ७१ वर्षांचे आहेत, रोज तासभर चालतात आणि फुगा ५.६ झाला आहे, म्हणजे पुरुषांसाठी शस्त्रक्रियेची जी ५.५ ची मर्यादा मानली जाते तीही ओलांडली. सर्जनने दोन्ही मार्ग सुचवले आहेत. माझे मत जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धमनीला आतून आधार देणारी जाळीदार नळी, घालण्याचे आहे. या दोन मार्गांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘एव्हार १’ चाचणीत पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू पोट उघडलेल्यांत ४.७ टक्के होते आणि स्टेंट घातलेल्यांत १.७ टक्के. हे आकडे समोर असताना पोट कशाला उघडायचे?

प्रतिसाद: रक्तवाहिनी-शल्यचिकित्सक
आपण त्या चाचणीचे पहिले पान वाचले आहे. तिच्यातल्या १,२५२ रुग्णांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सुरुवातीचा फायदा विरून गेल्याचे दिसले. आठ वर्षांनंतर तर स्टेंटच्या गटातच मृत्यू अधिक होते, आणि त्यामागे फुगा नंतर फुटणे हे एक मोठे कारण होते.

असे का होते, तेही पाहा. उघड्या शस्त्रक्रियेत आम्ही फुगा चिरतो, मागून त्यात रक्त सोडणाऱ्या कमरेच्या लहान धमन्या टाके घालून बंद करतो आणि पॉलिस्टरची नळी दोन्ही टोकांना शिवतो. धमनीतले रक्त रोखून धरणारा चिमटा (क्लॅम्प) सोडण्याआधी भूलतज्ज्ञाला विचारावे लागते, कारण त्या क्षणी रक्तदाब कोसळू शकतो. मग सुरकुतलेली नळी ठोक्यागणिक ताठ होते. शिवलेला तो जोड सहसा जन्मभर टिकतो. स्टेंट मात्र फुग्याच्या वरच्या ‘मानेत’, म्हणजे न फुगलेल्या धमनीच्या भागात, दाबाने आणि हुकांनी टिकून असतो, आणि ती मान वर्षागणिक रुंदावली तर रक्त कडेने पुन्हा फुग्यात शिरते. म्हणून स्टेंटनंतर आयुष्यभर स्कॅन करत राहावे लागते. धडधाकट ७१ वर्षांच्या माणसाला मी उघडी शस्त्रक्रियाच सुचवेन. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचा मार्च २०२० चा सल्लाही, विशेष अडचण नसेल तर, हाच आहे.

प्रतिसाद: भूलतज्ज्ञ
‘नाइस’चे नाव घेताना अर्धी गोष्ट राहिली. २०१८ च्या मसुद्यात न फुटलेल्या फुग्यासाठी स्टेंट जवळजवळ बादच केला होता. त्यावर बरेच वादळ उठले आणि अंतिम मजकूर सौम्य झाला. युरोपीय रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१९ मध्ये रचना अनुकूल असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी स्टेंटलाच पसंती दिली होती. शिवाय त्या चाचणीतले रुग्ण १९९९ ते २००४ मधले, म्हणजे स्टेंटही त्याच काळातले. आणि आठ वर्षांनंतरचा तोटा ज्याला सोसायचा, तो तेव्हा ७९ वर्षांचा असेल. पोट उघडण्याची किंमत मात्र पहिल्याच आठवड्यात मोजावी लागते. अतिदक्षता विभाग, मंदावलेली आतडी, पुढे व्रणातून होणारा हर्निया, हे सर्जनच्या टेबलावरून तितकेसे दिसत नाही.

शल्यचिकित्सक
त्याच संघटनेने दीर्घायुष्य अपेक्षित असणाऱ्यांसाठी उघड्या शस्त्रक्रियेचा प्राधान्याने विचार करावा असेही म्हटले आहे. रोज तासभर चालणारा माणूस मी त्याच गटात धरतो. मानेची लांबी किती आहे? स्टेंटची पकड तिच्यावरच असते.

धागाकर्ती
सीटी स्कॅनच्या अहवालात मान ११ मिलिमीटर आणि खाली रुंदावत जाणारी अशी नोंद आहे. आणखी एक गोष्ट मी सुरुवातीलाच सांगायला हवी होती. सासरे नोव्हेंबर ते मार्च साताऱ्याला असतात आणि फुग्याच्या मोजणीच्या दोन तारखा त्यांनी याआधीच चुकवल्या आहेत. आयुष्यभराच्या स्कॅनचे ऐकून ते म्हणाले, “मग पोटच उघडा.” तीस दिवसांचे आकडे माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत, पण गुरुवारी सर्जनला आधी मानेबद्दलच विचारणार आहे.