तालुक्याच्या कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा: पैसे भरायच्या आधी काय पाहावं?

कोलारा_फाटा
नमस्कार मंडळी. लहान बहिणीची बारावी झाली; कला शाखा, मराठी माध्यम. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कम्युनिटी कॉलेज योजनेतला हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटचा १ वर्षाचा डिप्लोमा आहे. नागपूरला ठेवणं परवडत नाही. ताडोब्याच्या गेटांवर रिसॉर्ट वाढले, तिथे काम मिळावं हा विचार. कॉलेजात नेमकं काय विचारायचं? इंग्रजी कच्चं असलं तर निभते काय?

परातवाला
भाऊ, इमारत पाहू नका, वेळापत्रक मागा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत असा डिप्लोमा ६० क्रेडिटचा राहते. त्यातले ३६ कौशल्याचे, २४ सामान्य शिक्षणाचे. वर्गातला किंवा प्रयोगशाळेतला एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे ३६ चे ५४० तास झाले. हे तास आठवड्यात कुठे बसवले ते कागदावर दिसलं पाहिजे.

गडबड इथेच होते. कच्च्या मालाला पैसे नसले की सर एकटे ओट्याशी बनवतात आणि वीस पोरं वहीत उतरवून घेतात. त्याला प्रॅक्टिकल म्हणत नाहीत. २० जणांच्या बॅचला निदान १० बर्नर हवेत, दोघांत एक. मालाचं इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, पोरं स्वतः भरतात का, तेही विचारा. पदार्थ, माणसं, प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये, भाव, एकूण, असे रकाने स्वतः भरल्याशिवाय फूड कॉस्ट, म्हणजे पदार्थाला येणारा मालाचा खर्च, डोक्यात शिरत नाही. मागच्या बॅचचं एक जर्नल चाळायला मागा. सगळ्या जर्नलांत एकच मजकूर दिसला तर समजून जा.

दुसरं, प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा? गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, नागपूर, अमरावती, जे असेल ते लेखी घ्या. दुसऱ्या वर्षाला अॅडव्हान्स्ड डिप्लोमा आणि तिसऱ्याला बी.व्होक. ही कौशल्याची पदवी, अशी ही शिडी आहे. कॉलेजात पहिलीच पायरी असेल तर पुढे प्रवेश कुठे मिळेल ते आजच विचारा. शिष्यवृत्ती धरून चालत असाल तर महाडीबीटीवर कॉलेजचं नाव आणि हाच कोर्स दिसतो का, ते फी भरण्याआधी स्वतः पाहा.

लिननरूम
सगळे स्वयंपाकघरावरच बोलतात, पण गेटाजवळच्या लहान रिसॉर्टात हाऊसकीपिंग नीट येणारं माणूस लवकर सापडत नाही. म्हणून कॉलेजात निदान एक सजवलेली सरावाची खोली आहे का पाहा. गादी, दोन चादरी, बाथरूम, ट्रॉली. बाकावर चादर अंथरून बेड मेकिंग येत नाही. कोपरा गादीखाली कसा दाबायचा हे गादीचं वजन उचलल्यावरच हाताला कळते.

हिशेबही शिकवायला हवा. १२ खोल्या, खोलीला एक डबल बेड, दोन चादरी: २४ चादरींचा एक पार, म्हणजे सगळ्या बिछान्यांना एकदा पुरणारा संच. एक पार बिछान्यावर, एक धुण्यात, एक कपाटात, म्हणजे ३ पार, ७२ चादरी. वाळवण दोरीवर असेल तर सततच्या पावसात हे पुरत नाही, ५ पार धरा, १२०. ओलसर चादर घडी घालून ठेवली की दोन दिवसांत कुबट वास येते आणि काळे ठिपके पडतात. ते ठिपके मग सहजासहजी जात नाहीत.

आणि हे ताईला पहिल्या दिवशीच सांगा: ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीच एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघते. बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकते. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ" हा समज गावोगाव आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

धानपट्टा
इंग्रजीचं. व्याकरण नंतर पाहू. आधी रोजचे पन्नासेक शब्द आणि पंधरावीस वाक्यं तोंडात बसली पाहिजेत. चेक-इन, चेक-आउट, व्हेज-नॉनव्हेज विचारणं, अॅलर्जी विचारणं, तक्रार ऐकून घेणं. किचनमधले ज्युलियन (काडीसारखे काप), ब्रुन्वाज (बारीक चौकोनी तुकडे), रू (लोण्यात परतलेला मैदा) हे शब्द फ्रेंच आहेत, तिथे इंग्रजी माध्यमवालाही कोराच राहते. बेशामेल, म्हणजे दुधाचा पांढरा सॉस, पाठ करू नका. १ लिटर दूध, ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम मैदा घेऊन दोनदा करा. गरम रूमध्ये दूध एकदम ओतलं की गाठी का होतात, हे एका फसलेल्या भांड्यात समजते.

ताडोब्यात काम करायचं तर पहाटेच्या सफारीचा डबा बांधता आला पाहिजे. डबा सहज चार तास गाडीत राहते आणि उन्हाळ्यात आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. ५ ते ६० अंशांत जिवाणू भराभर वाढतात. म्हणून खोबऱ्याची चटणी, मेयोनीजचं सँडविच, दहीभात नको. कोरडे ठेपले, अख्खं फळ द्या. पराठा गरमच डब्यात कोंबला तर वाफेचं पाणी सुटते. आधी जाळीवर निववा, मग बांधा.

कोलारा_फाटा
खूप आभार. वेळापत्रक आणलं. प्रत्यक्ष ट्रेनिंग परीक्षेनंतर, जून-जुलै-ऑगस्ट, गेटाजवळच्या रिसॉर्टात लावलं आहे. ठीक आहे ना?

परातवाला
नाही भाऊ, हे बदलून घ्या. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहते. बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, काही ठिकाणी चालू असला तरी पाहुणे तुरळक. शिकाऊ पोरींना धूळ झटकायला आणि गवत काढायला लावतात, प्रमाणपत्रावर मात्र तीन महिने भरतात. प्राचार्यांना अर्ज द्या, चारपाच पालकांच्या सह्या घेऊन. ट्रेनिंग दिवाळीच्या सुट्टीत आणि पुन्हा एप्रिल-मे मध्ये, असे दोन तुकडे मागा; तेव्हा खोल्या भरलेल्या राहतात. ते जमत नसेल तर पावसाळ्यात चिखलदरा धरा, तिथे गर्दी पावसातच होते. नाहीतर नागपूरचं हॉटेल, जिथे लग्नाचे हॉल आहेत. राहायची सोय आणि महिन्याचं मानधन मात्र पत्रात लिहून घ्या.

लिननरूम
आणि ताईसाठी बूट आत्ताच घ्या: काळे, पुढून बंद, न घसरणारा तळ. नायलॉनचे मोजे नको, सुतीच. गरम तेल सांडलं तर नायलॉन वितळून कातडीला चिकटते.