फरसबी फ्रीझ केली की चिवट नाहीतर गिळगिळीत. कुठे चुकतंय?

मदत हवी आहे, आणि जरा घाईची आहे. जेवणाच्या टेबलावर चार किलो फरसबी पसरलीय.

आम्ही नेरुळला राहतो. सोसायटीतल्या चौघी मिळून अधूनमधून वाशीच्या एपीएमसीतून घाऊक भाजी आणतो आणि वाटून घेतो. यावेळी दोघी ऐनवेळी गावाला गेल्या, त्यांचा वाटा माझ्या गळ्यात. (सासूबाई साताऱ्याच्या, त्या 'श्रावण घेवडा' म्हणतात. मी मुंबईची, मला फरसबीच येतं तोंडात. वाद लग्नापासूनचा आहे.)

शेंगा ताज्या आहेत, मोडली की कट्ट वाजते. साठवायची फार इच्छा आहे, पण आधी दोनदा तोंडघशी पडलेय.

पहिल्यांदा कच्चीच चिरून पिशवीत भरली. दोन महिन्यांनी काढली तर रंग मळका, वास वाळक्या गवताचा आणि कितीही शिजवा, दाताखाली दोरी. दुसऱ्यांदा उकळत्या पाण्यात घालून काढायची असं कळलं, म्हणून छोट्या पातेल्यात किलोभर एकदम लोटली. पाण्याला परत उकळी यायलाच दहा मिनिटं गेली. मग चाळणीत ओतून झाकून ठेवली आणि ओलसरच भरली. फ्रीझरमध्ये तिची वीट झाली. शेवटी बत्त्याने फोडली! भाजी इतकी लिबलिबीत की नवऱ्याचा डबा तसाच परत आला.

तर किती मिनिटं ठेवायची? हिरवा रंग टिकायला सोडा घालू का? आणि थोड्या शेंगा जून आहेत, बिया बाहेरून टपोऱ्या दिसताहेत, त्याही चालतील? फ्रीझर साध्या डबल डोअरचा आहे, बर्फाचे ट्रे दोनच.

प्रतिसाद

तुमची दुसरी पद्धत बरोबरच होती, फक्त पाणी कमी आणि शेंगा जास्त झाल्या. अर्ध्या किलोला चार लिटर तरी पाणी घ्या, गॅस मोठा. शेंगा टाकल्यावर मिनिटभरात परत उकळी फुटली पाहिजे. नाही फुटली तर पुढची खेप लहान करा. उकळी आली की घड्याळ लावून तीन मिनिटं, इंचभर तुकड्यांना एवढं पुरतं. पाणी टाकू नका, तेच पुढच्या खेपेला चालतं.

भाजी तोडल्यावरही तिच्यातली एन्झाइम्स काम करत राहतात, फ्रीझरमध्ये ती मंदावतात पण थांबत नाहीत. तुमच्या पहिल्या पिशवीचा रंग आणि वास त्यांनीच घालवला. उकळत्या पाण्याने ती बंद पडतात.

काढल्यावर झाकायचं अजिबात नाही, आतल्या आत शिजत राहते. बर्फ कमी आहे ना, मग आधी नळाच्या पाण्यात बुडवा, पाणी कोमट झालं की बदला, बर्फ शेवटच्या पाण्याला ठेवा. सोडा नको. रंग येतो खरा, पण शेंग मऊ पडते आणि जीवनसत्त्वंही जातात.

प्रतिसाद

वीट होऊ नये म्हणून: पंच्यावर पसरून टिपून घ्या, मग ताटात एका थरात ठेवून फ्रीझरमध्ये. तासा-दोन तासांनी दगडासारखी झाली की पिशवीत भरा आणि हवा दाबून काढा. एका पिशवीत एका वेळच्या भाजीपुरतीच.

करताना बाहेर काढून वितळवू नका. मोहरी-हिंगाच्या फोडणीत थेट टाका, मोठ्या आचेवर, पाणी न घालता. खोबरं शेवटी.

जून शेंगा साठवू नका. दोन्ही कडांच्या शिरा ओढून काढा आणि आजच बटाटा घालून रस्सा करा.

प्रतिसाद

माझी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिकडे परसात रनर बीन्स लावतात, लाल फुलांच्या वेलाला. शेंग आपल्या फरसबीपेक्षा लांब, चपटी, खरखरीत. शिरा तासून, तिरक्या पातळ चिरून फ्रीझ करतात. फ्रीझर येण्याआधी म्हणे बरणीत मिठाचा थर, शेंगांचा थर असं भरायचे. आपल्या दमट हवेत मी ते धाडस करणार नाही.

निवडताना पोरं कच्च्या शेंगा खातात, तेवढं बघा. रनर बीन असो की फरसबी, कच्चीतल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाने पोट बिघडू शकतं. तीन मिनिटांचं उकळणं म्हणजे शिजवणं नव्हे, नंतर नीट शिजवायचीच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! आत्ता साडेअकरा वाजलेत. सहा खेपा झाल्या. पहिल्या खेपेला अर्धा किलो टाकली तर उकळी यायला अडीच मिनिटं लागली, आमचं पातेलं तेवढं मोठं नाही. पुढे निम्मीच टाकत गेले, तेव्हा जमलं. तिसरी खेप ताटातून निघाली ती सुटी, पिशवीत खुळखुळ वाजतेय.

उरलेली अर्धी उद्या. रस्सा झाला, संपलाही. पिशव्यांवर तारखा घालायचं काम सासूबाईंकडे दिलं होतं. सगळ्यांवर ठळक अक्षरात 'श्रावण घेवडा' लिहिलंय.