लाइट बारचं कनेक्शन हाय बीमच्या वायरवरून घेतलं तर चालेल का?

खडकाळवाट
गाडीला पुढे १२० वॅटचा एलईडी लाइट बार लावायचाय, नंतर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं मोटरचं यंत्र) पण घेणारे, आणि सगळं घरीच करायचा विचार आहे, पाने ड्रिल वगैरे आहे माझ्याकडे. बारसोबत रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आलाय, त्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे बघून डोकं फिरलंय. मित्र म्हणतो एवढी कटकट कशाला, हाय बीमच्या वायरला जोड मार आणि मोकळा हो. चालेल का असं? आणि स्विचची वायर केबिनमध्ये कुठून आणू, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोक पाडायची हिंमत होत नाहीये.

रिलेराव
मित्राचं अजिबात ऐकू नको. १२० वॅट म्हणजे १२ व्होल्टला सरळ १० अँपियर. कंपनीची वायर हेडलाइटपुरतीच जाड असते, तिच्यावर हा लोड टाकला की वायर तापते, फ्यूज उडतो, मग लोक काय करतात तर मोठा फ्यूज घालतात, आणि आग लागते ती तिथून. फ्यूज वायर वाचवायला असतो रे, लाइट वाचवायला नाही.

आकडे सोपे आहेत. ३० ला बॅटरीची पॉझिटिव्ह फ्यूजमधून, ८७ वरून बारला, ८६ ला स्विचकडून येणारी, ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. स्विचमधून फक्त रिलेच्या आतल्या कॉइलचा (८५-८६ मधलं तारेचं वेटोळं) करंट जातो, तो पाव अँपियर पण नसतो, जड करंट सगळा बॉनेटखालीच राहतो. वायर २.५ स्क्वेअर एमएम, फ्यूज १५ चा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात, कारण बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला कुणी वाली नसतो, तो घासून बॉडीला टेकला की संपलं. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ.

हाय बीमसोबतच बार लागायला हवा असेल तर ती वायर फक्त ८६ ला दे.

धुळवड४बाय४
८६ ला पण हाय बीम नको, वेगळाच स्विच ठेव. नवीन गाड्यांत लाइट बॉडी कंट्रोल मॉड्यूलवरून (लाइट वगैरे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) चालतात, तिथे जोड मारला की कधी रिले टरटरतो कधी डॅशवर एरर येते. शिवाय धुळीत-धुक्यात बार लावलास तर समोर नुसती पांढरी भिंत, तेव्हा एकटा बंद करता आला पाहिजे.

फायरवॉलला ड्रिल कशाला, कंपनीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथून आत जातं तिथलं जाड रबरी ग्रॉमेट (भोकात बसवलेलं बूच) शोध, बहुतेक पेडलच्या वरच्या बाजूला असतं, त्यालाच बारीक चीर देऊन वायर घाल. पण बाहेरच्या बाजूला वायरीला खाली एक लोंबता वळसा ठेव, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता वळशाच्या तळाशी टपकून जातं. हे कुणी करत नाही आणि मग कार्पेट का ओलं म्हणून विचारत बसतात.

अर्थ घेताना रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू दे, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) कस, वरून ग्रीस. आणि लग वायरीवर नीट क्रिम्प कर, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसव, नुसत्या सोल्डरवर सोडू नको, खडबडीत रस्त्यावर हादऱ्यांनी सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर तुटते.

दोरखंड
विंच येणारच असेल तर बार आत्ता लावूच नकोस. विंच म्हटलं की बंपर बदलणार, बारचे ब्रॅकेट परत काढावे लागणार. विंच चॅसिसला बांधलेल्या प्लेटवरच हवा, बंपरच्या पत्र्यावर नाही. एअरबॅग असेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला बंपर बघ. मोठा विंच फुल लोडला ४०० अँपियरपर्यंत ओढतो, त्याची जाड केबल थेट बॅटरीवरून, मधे आयसोलेटर स्विच (बॅटरीपासून विंच पूर्ण तोडणारा), आणि ओढताना इंजिन चालू. पुढे एवढं वजन आलं की स्प्रिंग बसतात आणि हेडलाइट खाली बघायला लागतात, ते पण सेट करावं लागेल. पहिल्या ऑफ-रोडनंतर सगळे बोल्ट परत कसून बघ.

खडकाळवाट
बरं, मग आधी बंपर-विंच. ८५ आणि ८६ उलटसुलट लागले तर काही जळतं का?

रिलेराव
साध्या रिलेला फरक पडत नाही. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर पडतो, रिलेच्या अंगावरच आकृती छापलेली असते, त्यात डायोडचं चिन्ह आहे का बघ आणि असेल तर दाखवलंय तसंच लाव.