रविवारची उपासना कुणासाठी?

कृष्णाकाठ, सांगली
२०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्चची रविवारची उपासना मोबाईलवर आली, ती आमच्या घरात तिथंच राहिली. मुलगा म्हणतो, पाळकांचा संदेश ऐकला, दान फोनवरून पाठवलं, मग आवरून जायचं कशाला? खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करा असं प्रभूनंच सांगितलंय (बायबल, मत्तय ६:६), हा त्याचा मुद्दा.

मला पटत नाही. हे गेले त्यानंतरच्या रविवारी मी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसले होते. गीतांचं पुस्तक उघडं, पण तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या मावशींनी माझ्या पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्या गात राहिल्या. ओळीगणिक बोट पुढं सरकत होतं. शेवटच्या कडव्याला माझा आवाज लागला. तोवर माझ्या वाटचं मंडळी गायली. एकत्र जमायचं ते यासाठीच, असं मी म्हणते.

पेटीवाला
ताई, तुमच्या दुःखापुढं वाद घालवत नाही. पण उपासना आपल्यासाठी म्हटली की घसरण सुरू होते. मी वर्षानुवर्षं चर्चमध्ये पेटी वाजवतोय. बाहेर पडताना ऐकू येतं, "आज काही रंगलं नाही," "संदेश लांबला." म्हणजे आपण परीक्षक झालो! पापाची कबुली, स्तुती, वचन, प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षारस), सगळं देवापुढं उभं राहून करायचं. दिलासा मिळाला तर ती कृपा. त्यासाठी जायचं नसतं.

नाईट ड्युटी, मिरज
मी नर्स. मिरजेत मिशनचं हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं, या गावाला रविवारची ड्युटी नवी नाही. घरी येऊन मी मोबाईलवरच उपासना ऐकते, त्यामुळं ऐकणाऱ्यांना कमी लेखू नका. मात्र प्रभुभोजनाची भाकर कुणीतरी हातावर ठेवावी लागते. महिना-महिना ती मिळत नाही तेव्हा फार जाणवतं.

कृष्णाकाठ
पेटीवाले दादा, कलस्सै ३:१६ बघा. एकमेकांना शिकवा आणि देवाला गा, दोन्ही एकाच वचनात आहे. तुम्ही ते तोडताय.

अजिंक्यताऱ्याखालून
तुम्ही दोघंही आतल्यांचंच बोलताय. १ करिंथ १४ मध्ये प्रेषित पौल बाहेरून आलेल्या माणसाचाही विचार करतो. १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी इथं साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. आमच्याकडे मागं एक आजी अभंगाची चाल ऐकून दारापर्यंत आल्या. बाकावर कुणी सरकलं नाही. थोडा वेळ थांबून गेल्या. मीही सरकलो नाही, ते अजून सलतं.

पेटीवाला
वचन मान्य आहे, ताई. तरी क्रम सोडणार नाही. मावशींचं बोट ओळीवर होतं, पण गाणं देवासाठी चाललं होतं. त्या तुमचं सांत्वन करायला गाणं थांबवून बसल्या असत्या, तर तुमचा आवाज लागला असता का?

कृष्णाकाठ
याचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन दिवस विचार करतेय.

मुलानं हे सगळं वाचलं. त्या मावशी अजून येतात का, म्हणाला. गुडघे धरल्यापासून नाही येत. रविवारी त्यांना गाडीवरून आणशील का, म्हणून विचारलंय. अजून हो म्हणालेला नाही.