नाटक शिकायला लंडनला जायचंय, पण करायचंय मराठीतच. कर्ज काढून जावं का?

तिसरी_घंटा

नमस्कार सगळ्यांना. खूप दिवस इथे वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी २४ वर्षांची, लालबागला राहते. बी.कॉम. झालंय, अडीच वर्षं अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. कॉलेजात पाच वर्षं एकांकिका केल्या, म्हणजे पहिल्या दोन वर्षी छोटे रोल आणि नंतर बहुतेक बॅकस्टेज, कारण आमच्याकडे मुलं स्टेजवर जायला दहा आणि विंगेत थांबायला एक अशी परिस्थिती. गेल्या वर्षी एका स्पर्धेच्या फायनलला आमचा लाइट ऑपरेटर मुलगा नवीन होता, तो मागे बूथमध्ये आणि मी विंगेत संहिता धरून, हेडसेट वगैरे काही नाही, मग आम्ही दोघांनी एकमेकांना मोबाइलवर कॉल लावला आणि चाळीस मिनिटं तो कॉल चालू ठेवला, मी हळू आवाजात एकेक क्यू, म्हणजे दिवा कधी बदलायचा त्याचा इशारा, देत होते. एक ब्लॅकआउट असा होता की मुलीने कंदील खाली ठेवला की लगेच, ठेवण्याआधी नाही आणि ठेवून झाल्यावर पण नाही. तो बरोब्बर पडला आणि हॉलमध्ये कोणीतरी जोरात श्वास घेतलेला मला विंगेत ऐकू आला. ते अजून डोक्यातून जात नाही.

तर आता प्रश्न. मला लंडनच्या एका युनिव्हर्सिटीत एक वर्षाच्या एमए अ‍ॅक्टिंगची ऑफर आलीय. राहणं-खाणं-फी सगळं धरून तीस लाखांच्या पुढे जातंय. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, ते म्हणतात पीएफचे पैसे आहेत आणि खोली तारण ठेवू, तू जा. आई काही बोलत नाही, त्याचंच जास्त टेन्शन येतं. दादरच्या एका कन्सल्टंटकडे गेले होते, त्याने फाइलचे पैसे आधी घेतले आणि मग म्हणाला नाटक सोड, इव्हेंट मॅनेजमेंटला टाकू, व्हिसा पटकन होतो. पैसे परत मिळाले नाहीत.

मला परत यायचंय. मराठी नाटकातच काम करायचंय. मग इंग्रजीत अभिनय शिकून आल्याचा शिवाजी मंदिरच्या स्टेजवर उपयोग होतो का? डिपॉझिट भरायला तीन आठवडे आहेत. खरं काय ते सांगा प्लीज.

आकडेमोड_ठाणे

आधी पैशाचं बोलतो, कारण तारीख त्याचीच आहे. डिपॉझिट भरायच्या आधी हे घरी सगळ्यांना बसवून वाचून दाखव.

३० लाख कर्ज, ११ टक्के, १० वर्षं धरलं तर हप्ता महिन्याला साधारण ४१ हजार बसतो. कोर्स आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, महिन्याला साडेसत्तावीस हजार. ते तेव्हाच भरत गेलात तर ठीक, नाहीतर मुद्दलात जाऊन बसतं आणि हप्ता अजून वाढतो. तुझा आत्ताचा पगार किती ते तू लिहिलं नाहीस, पण अंदाज आहे. मराठी नाटकात नाइट (एका प्रयोगाचे पैसे) किती मिळते ते इथल्या लोकांना विचार, मला त्यातलं कळत नाही.

व्हिसाचं म्हणशील तर एक गोष्ट कन्सल्टंट कधीच सांगत नाहीत आणि तुझ्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. यूकेच्या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण ‘एंटरटेनर’ म्हणून काम करायला बंदी आहे. म्हणजे कॅफेत कॉफी बनव, दुकानात उभी राहा, पण बाहेरच्या नाटकात काम घेऊन अभिनय करायचा नाही. कोर्सचाच भाग म्हणून प्लेसमेंट असेल तर चालतं. त्यामुळे ‘शिकता शिकता तिथे नाटकं करून पैसे काढेन’ हा हिशोब डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाक.

शिकून झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, तो आत्तापर्यंत २ वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच. हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे) वर्षाला ७७६ पाउंड, तो व्हिसाच्या वेळीच एकदम भरायचा. आणि राहण्याचे नऊ महिन्यांचे पैसे दाखवायचे ते स्वतःच्या किंवा आईबाबांच्या खात्यात असतील तर सलग २८ दिवस हलवायचे नाहीत, मध्ये एक दिवस जरी कमी झाले तरी नकार येतो. माझ्या भाचीचं असंच झालं, मावशीच्या ऑपरेशनला चाळीस हजार काढले आणि तेवढ्यावरून व्हिसा अडकला.

खोली तारण ठेवू नकोस असं मी म्हणणार नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. पण लालबागची खोली एकदा बँकेकडे गेली की आईची झोप जाते, एवढं मी माझ्या घरात बघितलंय.

प्रॉम्प्ट_कॉर्नर

अगं तिसरी घंटा, तू स्वतः काय लिहिलंयस ते परत वाच. एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये अभिनयाबद्दल तू एक ओळ लिहिलीस, ‘छोटे रोल’. आणि कंदील, ब्लॅकआउट, मोबाइलवरचा क्यू याच्यावर अख्खा परिच्छेद. मग अ‍ॅक्टिंगला का जातेयस?

मी ३२ वर्षांची, डोंबिवलीची. आठ वर्षांपूर्वी इंग्लंडला जाऊन स्टेज मॅनेजमेंट शिकून आले, आता इथे व्यावसायिक नाटकांचं काम करते. त्यामुळे जे सांगतेय ते बघून सांगतेय.

अभिनय भाषेत राहतो. तिथे व्हॉइसचे तास उत्तम असतात, श्वास कुठून घ्यायचा, मणका कसा मोकळा ठेवायचा, हे सगळं खरंच शिकण्यासारखं आहे आणि माझ्या बॅचच्या मुलींना त्याचा फायदा झाला. पण सहा महिने इंग्रजी स्वर, इंग्रजी कवितेची लय, कुठल्या शब्दावर वजन द्यायचं याच्यात जातात. परत आल्यावर मराठी वाक्याचा तोल पुन्हा नव्याने शोधावा लागतो, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि वाक्य तिथपर्यंत धरून ठेवावं लागतं. ते तिथे कोण शिकवणार?

बॅकस्टेजचं तसं नाही. ती कला जशीच्या तशी इथे आणता येते. आम्हाला पहिल्या आठवड्यात एक संहिता दिली, उजवीकडे मजकूर, डावीकडे कोरं पान, आणि सांगितलं पेनाला हात लावायचा नाही, सगळं पेन्सिलने, कारण तालमीत रोज बदल होणार. कोण कुठून आलं, खुर्ची कुठे सरकली, दिवा कुठल्या शब्दावर, सगळं त्या पुस्तकात. प्रयोगाला स्टेजच्या बाजूच्या डेस्कवर बसून स्टेज मॅनेजमेंटची एक व्यक्ती हेडसेटवर क्यू देते. आधी ‘स्टँडबाय’, पलीकडून उत्तर येतं ‘स्टँडबाय’, मग नंबर, आणि मग बरोबर त्या क्षणाला ‘गो’. त्या लाइनवर ‘गो’ हा शब्द दुसऱ्या कुठल्याच अर्थाने उच्चारायचा नाही, चुकून कोणी बोललं तर दिवा जाईल. जिथे हेडसेट नसतो तिथे छोटा लाल-हिरवा दिवा, लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे कर. तू मोबाइलवर जे केलंस ना, ते हेच. कोणी न शिकवता केलंस.

अजून एक. तिथे पडदा उघडायच्या ३५ मिनिटं आधी ‘हाफ’ पुकारतात, त्यानंतर कुठलाही नट थिएटरबाहेर असता कामा नये. मी इथे पहिल्या नाटकाला हे सुरू केलं तेव्हा अर्धी मंडळी खाली बटाटावडा खात होती, कोणी मनावरच घेतलं नाही. मी भांडले नाही, रोज ठरल्या वेळी वर-खाली फिरून प्रत्येकाला नावाने सांगत राहिले. दोन महिन्यांनी एका ज्येष्ठ नटांनी मला विचारलं, ‘बाई, आज हाफ झाली का गं?’ त्या दिवसापासून आमच्या नाटकाची तिसरी घंटा वेळेवर होते.

आपल्याकडे रंगमंच व्यवस्था बघणारी माणसं जबरदस्त आहेत, दौऱ्यावर सकाळी कोल्हापूर आणि रात्री सांगली असा सेट उभा करणारी, त्यांच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं तिथेही नाही. फक्त ते सगळं त्यांच्या डोक्यात असतं, कागदावर कुठेच नाही. माणूस आजारी पडला की नाटक आजारी पडतं. ते कागदावर आणणारी माणसं हवीत आणि ती फार थोडी आहेत, म्हणून मला काम मिळतं.

तेव्हा ही ऑफर सोड. एक वर्ष थांब, स्टेज मॅनेजमेंट किंवा प्रकाशयोजनेला अर्ज कर.

जुना_छबिलदासी

प्रॉम्प्ट कॉर्नर ताईंचं पटलं, फक्त एक मुद्दा जोडतो. मी सत्तरीला आलो, दादरच्या छबिलदास शाळेच्या त्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून नाटकं बघितलेला माणूस.

‘बाहेर शिकून इथे उपयोग काय’ हा प्रश्न जुनाच आहे. दिग्दर्शक इब्राहिम अल्काझी लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकले, मुंबईत परत आले, कंबाला हिलच्या गच्चीवर नाटकं करू लागले. ती नाटकं मराठी नव्हती. पण दिग्दर्शिका विजयाबाई मेहता त्यांच्याकडे शिकल्या आणि त्यांनी १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्याबरोबर ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी केली. त्यातूनच पुढे ‘आविष्कार’ आली, आणि १९७४ पासून दादरला छबिलदासमध्ये प्रयोग होऊ लागले. म्हणजे लंडनला शिकलेली तालमीची शिस्त दोन पायऱ्या उतरून आमच्यासारख्या गिरणगावातल्या पोरांपर्यंत आली, आणि आम्हाला ती कुठून आली हे माहीत पण नव्हतं. अल्काझी पुढे १९६२ ला दिल्लीला एनएसडीचे, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे, संचालक झाले ते १९७७ पर्यंत.

म्हणून मुली, जायला माझी ना नाही. पण कलिनाला मुंबई विद्यापीठाची नाट्यशाळा आहे, पुण्याला ललित कला केंद्र आहे, दिल्लीला एनएसडी आहे जिथे तीन वर्षं शिष्यवृत्तीवर शिकता येतं. हे न बघता थेट बाबांचा पीएफ मोडायचा, हे मला खटकलं. बेस्टच्या माणसाचा पीएफ म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, माझा भाऊ परळ ते वरळी आयुष्यभर बस चालवत होता.

राइनकाठचा_पोरगा

जर्मनीतून लिहितोय, थोडक्यात. इथे सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाही (बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो आहे). पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, ते दर महिन्याला आपल्यालाच परत मिळतात. नाटकाचं शिक्षण मात्र जवळजवळ सगळं जर्मनमध्ये. माझी दोन वर्षं काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात भाषा शिकण्यात गेली, नोकरी सांभाळून संध्याकाळचे क्लास, सीएसएमटीवरून रात्रीची स्लो पकडायची आणि डब्यात क्रियापदं पाठ करायची. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी हा रस्ता चांगला आहे.

आकडेमोड_ठाणे

वर एक वर्ष थांब म्हणालेत तर ते वर्ष कसं वापरायचं ते पण लिहितो.

चिव्हनिंग म्हणजे ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, तिला कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, ते २८०० तास मोजतात. तुझी अडीच वर्षांची नोकरी आहेच. सगळा खर्च ते देतात, अट एकच, परत येऊन दोन वर्षं आपल्या देशात राहायचं, आणि तुला तर परतच यायचंय. मुंबईतच जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे, १८९२ पासून, ते कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. इनलॅक्सची शिष्यवृत्ती आहे, ते नाटकवाल्यांना पण घेतात. चार्ल्स वॉलेस ट्रस्ट खास कलेसाठी, यूकेला जाणाऱ्यांना मदत करतो.

आणि अमेरिकेत येलची ड्रामा स्कूल आहे, तिथे २०२१ पासून कोणालाच ट्यूशन फी नाही, १५ कोटी डॉलरची देणगी मिळाली त्यातून. स्टेज मॅनेजमेंट, लाइट, सेट सगळं आहे, तीन वर्षांचा एमएफए, म्हणजे कलेतली मास्टर्स. जागा अगदी मोजक्या. पण अर्ज करायला काय हरकत आहे.

तिसरी_घंटा

काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. हप्त्याचा आकडा ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले तरी पण जायचं असेल तर जा. आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, तू कंदिलाचं सांगतेस तेव्हा तुझा चेहरा वेगळा असतो, अ‍ॅक्टिंगचं कधी असं सांगितलेलं मला आठवत नाही.

आज सकाळी युनिव्हर्सिटीला मेल केला की ऑफर घेत नाहीये. पाठवताना हात थरथरत होता, नंतर ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, पण संध्याकाळी परळला उतरल्यावर बरं वाटलं.

छबिलदासी काका, कलिनाच्या प्रवेशाची पण चौकशी करते. आणि ताई, अर्जाला पोर्टफोलिओ मागतात ना, माझ्याकडे सहा एकांकिकांच्या संहिता आहेत, चुरगळलेल्या, एकीवर चहा सांडलाय. त्या परत स्वच्छ उतरवून काढू का?

प्रॉम्प्ट_कॉर्नर

मुळीच नाही. आहेत तशा रंगीत स्कॅन कर, खोडाखोड दिसली पाहिजे, चहा पण. फक्त शेजारी एका पानावर लिही की कुठला क्यू का बदलला, कंदिलाचा तर नक्की. आणि पुढच्या शनिवारी दुपारी आमचा दादरला प्रयोग आहे, तीनला ये, सेट लागताना तुला डेस्कवर बसवते. पेन्सिल घेऊन ये, खोडरबर पण.