मदत हवी आहे : मूठ, दांडा, कब्जा की परज?

मंडळी, आमच्या खानापूरकडं कुऱ्हाडीला दांडा, विळ्याला मूठ. कुऱ्हाडीत लाकूड लोखंडाच्या नेढ्यात जातं, विळ्यात लोखंडाची शेपटी लाकडात. फरक मला तरी तिथंच दिसतो. (कन्नड शेजारी दांड्याला ‘कावु’ म्हणतात, ते आमच्याही तोंडात बसलंय.)

घोळ झालाय तो आजोबांच्या तलवारीनं. मूठ लोखंडी, खाली वाटीसारखी चकती, बोटांवरून वळलेली पट्टी. काका सगळ्याला ‘कब्जा’ म्हणतात, आत्या ‘परज’. माझ्या मते परज म्हणजे नुसती ती पट्टी. कोण बरोबर? आणि कट्यारीच्या दोन आडव्या दांड्यांना तुमच्याकडं काय म्हणतात? निपाणी, चिकोडीकडच्यांनी जरूर सांगा.